दोन चलांत

बाबा गिरमिट फिरवतात, मी पट्टी धरते.
लूलेओच्या धक्क्यापासून बेटांकडचा समुद्र
फेब्रुवारीत रस्ता होतो,
आणि त्या रस्त्याची जाडी लिहून ठेवायचं काम
एकतीस वर्षं एव्हाल्ड सांडलुंड यांच्याकडे आहे.
पाणी उसळतं, काठावर सांडतं, पुन्हा आपल्या जागी बसतं.
"एक्केचाळीस," मी म्हणते.
ते पेन्सिलीनं लिहितात; शाई इथे खिशातच गोठते.
मग स्प्रूसची एक फांदी रोवून
पन्नास पावलं पुढे.

"तुझं कुठवर आलं?" ते विचारतात,
गाय व्याली का, असं विचारावं तसं.

मंगळवारी वर्गात एक जुनं प्रमेय शिकवायचंय, मी म्हणते.
भोकाचंच आहे.
ते थांबतात. भोक हा त्यांचा विषय.

असं बघा. गणितातलं एक फल आहे,
दोन संमिश्र चलांचं, सरळ स्वभावाचं, कुठे कंगोरा नाही.
फक्त मधल्या एका जागी
ते काय आहे, कुणालाच ठाऊक नाही.
तर त्या जागेच्या अलीकडेच त्याला कापत आणायचं,
हलक्या हातानं, शून्यापर्यंत, कड न फाटू देता.
कापलं की ते खोटं होतं.
किती खोटं, ते भोकाभोवतीच्या कड्यावर मोजता येतं.
ती मोजलेली चूक मांडायची उजवीकडे;
डावीकडे एक अनोळखी,
आणि त्याच्यापुढे डोक्यावर आडवी रेघ घेतलेला विकलक.
आंशिक विकलक समीकरण म्हणतात, पण विचारतं इतकंच:
नेमकी एवढीच चुकणारी दुसरी कोणती गोष्ट आहे?
सापडली, की ती वजा करायची.
चुकीतून चूक गेली की उरतं
ते भोकाच्या तळापर्यंत खरं असतं,
आणि बाहेर, लांबवर, जुन्याशी तंतोतंत जुळतं.

"म्हणजे भोक भरतं," बाबा म्हणतात.
"रात्रीतून भरतं. त्याला शाळा कशाला?"

हो, पण दोन चल लागतात. निदान दोन.
एकाच चलात ते उत्तर आवरत नाही,
झिरपत जातं, क्षितिजापर्यंत पातळ होत जातं
पण संपत नाही,
वजा करायला जावं तर बाहेरचं चांगलंही बिघडवतं.
एका चलात भोक भोकच राहू शकतं.
कायमचं.

बाबा काही बोलत नाहीत.
घसरगाडी डावीकडे ओढतात, फांद्यांची रांग सोडून.
रस्ता इकडून जात नाही. कुणीच जात नाही.
अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये रूनेकाका
इथून घरी येत होते, बर्फावरच्या स्कूटरवरून,
मागच्या पेटीत माझ्या मापाचे बूट.

बाबा गुडघ्यावर बसतात. गिरमिट बराच वेळ फिरतं.
"अठ्ठावन्न," मी म्हणते.
अख्ख्या खाडीत इतका जाड बर्फ दुसरीकडे नाही;
ओंडक्यांनी भरलेला ट्रक जाईल यावरून.
ते लिहितात.
पानाच्या तळाशी, रस्त्याच्या आकड्यांखाली
दोन ओळी कोऱ्या सोडून.
फांदी रोवत नाहीत.

मला सांगता आलं असतं
मेर्ताकाकूंबद्दल, त्यांच्या नंतरच्या संसाराबद्दल,
रूनेकाकांसारखंच नाक उडवून हसणाऱ्या नातवाबद्दल;
भोवतालचं सगळं कसं आतलं ठरवत येतं त्याबद्दल.
वर्गात मी हे अर्ध्या फळ्यात सिद्ध करते.
दुसरं चल कुठून आणायचं
ते मात्र पहिल्याच ओळीत गृहीत धरलेलं असतं.

परत फांद्यांच्या रांगेशी आलो.
सकाळच्या भोकांवर साय धरली होती.
बाबांनी गिरमिट माझ्या हातात दिलं;
खांदा दुखतो, म्हणाले. पट्टी स्वतः घेतली.
हे कधी झालं नव्हतं.
मी फिरवत राहिले, पाणी वर आलं.
"वाचा," मी म्हटलं.
त्यांच्या चष्म्यावर श्वास गोठला होता.
ते वाकले. वेळ लागत होता.